माणूस गावात, माल बाजारात

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे बाहेरचे लोक हसत म्हणतात आणि परभणीकर छाती काढून म्हणतात. ही ओळ कुणी जुळवली, कशावरून जुळवली, याची प्रत्येक चहाच्या टपरीवर वेगळी हकिकत ऐकायला मिळते. जाहिरातीच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला मात्र या ओळीचा हेवाच वाटेल. चार शब्द, नेमकं यमक, शेवटी गावाचं नाव आणि छपाईचा खर्च शून्य. उणीव एकच. या ओळीखाली विकायला काही मांडलेलं नाही. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं पिंगळी आणि भोवतालची गावं पाहिली, तर परिस्थिती बरोबर उलटी दिसते. तूर आहे, सोयाबीन आहे, ज्वारी आहे, हळद आहे. बायकांचे बचत गट आहेत, पापड-मसाले आहेत. माल आहे, पण तो कुणाचा हे सांगणारा कागद नाही. हे पुस्तक त्या कागदाविषयी आहे.

पिंगळीत असेपर्यंत असा कागद लागत नाही, हे आधीच कबूल करायला हवं. गिरणीला पाटी नसली तरी दळण येतं. हळद कुणाची, असं विचारलं की ‘अमक्या वहिनींची’ एवढ्या उत्तरावर व्यवहार होतो, कारण वहिनी ठाऊक असतात, त्यांचं घर ठाऊक असतं आणि हळदीत काही निघालं तर कुणाच्या दारात जाऊन बोलायचं तेही ठाऊक असतं. भरवसा माणसावर असतो. तीच हळद परभणीच्या किराणा दुकानात गेली की वहिनी मागे राहतात आणि पुडी एकटी पुढे जाते. पुण्याला गेली तर दुकानदारालाही त्या ठाऊक नसतात. तिथे वहिनींच्या जागी उभं राहायला पुडीवरच्या छपाईशिवाय दुसरं काही नसतं. ब्रँड या शब्दाभोवती आजकाल फार धूप जाळला जातो. या पुस्तकात त्याचा अर्थ एवढाच आहे: मालक हजर नसताना त्याच्या वतीनं बोलणारी छपाई. ती माणसाच्या जागी उभी आहे, तर तिनं माणसासारखंच वागलं पाहिजे. दर वेळी तोच चेहरा घेऊन यावं, खरं बोलावं आणि ओरडू नये.

ज्यांना वाटतं की हे सगळं पुण्या-मुंबईचं खूळ आहे, त्यांनी भेंडीच्या बियाण्याचं पाकीट आठवावं. ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण इथल्या कृषी विद्यापीठानं १९८५च्या सुमारास दिला. ‘पुसा सावनी’ ही त्या काळची लोकप्रिय जात आणि भेंडीची एक रानटी नातेवाईक यांच्या संकरातून तो आला. भेंडीचं पीक बसवणाऱ्या पिवळ्या शिरांच्या रोगाला, म्हणजे आपल्याकडच्या केवड्याला, तो दाद देत नव्हता. बघता बघता तो देशभर पसरला. परभणी नकाशावर कुठे आहे हे ज्यांना सांगता येणार नाही, अशा कितीतरी शेतकऱ्यांनी परभणीचं नाव भेंडीच्या चित्राखाली वाचलं. या शहराचं नाव इतक्या दूरवर दुसऱ्या कुठल्याही छापील वस्तूनं नेलं असेल, असं मला वाटत नाही.

पण याच पाकिटात धडाही आहे. ‘परभणी क्रांती’ हे वाणाचं नाव, कुणा एकाच्या दुकानाचं नव्हे. सार्वजनिक संस्थेचा वाण, तेव्हा बियाणं तयार करून विकणाऱ्या अनेक कंपन्यांनी तो आपापल्या पाकिटात भरला. वाणाचं नाव मोठं, कंपनीचं लहान. गिऱ्हाइकानं दुकानात जाऊन ‘परभणी क्रांती’ मागितली आणि दुकानदारानं हाताला लागेल त्या कंपनीचं पाकीट दिलं. नाव चाललं, पण त्या नावाची कमाई कुणा एकाच्या पदरात पडली नाही. सार्वजनिक संशोधनाच्या बाबतीत हे योग्यच आहे. मात्र जो बचत गट आपल्या पुडीवर ‘गावरान हळद’ किंवा ‘घरगुती मसाला’ एवढंच ठळक छापतो आणि स्वतःचं नाव मागच्या बाजूला बारीक टाकतो, तो नकळत हेच करत असतो. ‘घरगुती’वर कुणाचीच मालकी नाही. गिऱ्हाइकाला चव आवडली, तरी पुढच्या वेळी ते शेजारच्या गटाची पुडी उचलणार.

बियाण्याच्या थैलीवरून आणखी एक गोष्ट शिकता येते आणि ती रंगाची आहे. थैलीला शिवलेल्या टॅगचा रंग बियाण्याचा दर्जा सांगतो. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवा. निळ्या टॅगमागे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते, तर हिरव्यामागे उत्पादकाचा स्वतःचा शब्द. अक्षर न वाचता येणारा म्हातारा शेतकरीही टॅग पाहून थैली बाजूला काढतो. ग्राफिक डिझाइनच्या वर्गात रंगाचा अर्थ शिकवायला परदेशी पुस्तकं उघडतात. इथे तो दर मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पडलेला असतो. त्यात सौंदर्य किती, हा वेगळा प्रश्न. मुद्दा असा की, रंग एकदा ठरला, सगळीकडे एकच ठेवला आणि वर्षानुवर्षं बदलला नाही, म्हणून त्याला अर्थ आला. दर दिवाळीला पुडीचा रंग बदलणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या स्थापनादिनी, १८ मे रोजी, खरीप मेळावा भरतो. विद्यापीठाचं बियाणं घ्यायला तिथे शेतकरी रांगा लावतात. ज्या पिशवीसाठी ही रांग असते, तिच्यावरचं डिझाइन कुठल्याही स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होईल. तरी रांग हटत नाही, कारण आत काय आहे याची खात्री १९७२पासून हळूहळू साठलेली आहे. छपाई ही खात्री पोचवू शकते, जपू शकते, पण मुळात नसलेली खात्री तिला निर्माण करता येत नाही. डिझायनरनं पहिल्याच भेटीत गिऱ्हाइकाला हे सांगावं. धंदा थोडा कमी होईल, पण पुढची भांडणं टळतील.

मराठी मुलखात छपाईच्या बळावर धंदा उभा करण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शेतीच्याच अवजाराचं आहे, त्यामुळे त्यावर जरा रेंगाळतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानानं सुरुवात केली. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. नांगर चांगला होता, पण घेणारा मिळेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत शेतकऱ्यांत पक्की होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. १९१०मध्ये औंध संस्थानाच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि कारखाना वाढू लागला. पण कारखाना वाढला म्हणून समजूत आपोआप जात नाही. ती घालवायला शेतकऱ्याशी बोलावं लागतं आणि लाखो शेतकऱ्यांशी एकेकटं बोलणं कुणालाच शक्य नसतं.

इथे शंकर वासुदेव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, येतात. लक्ष्मणरावांचे पुतणे. शिक्षणानं आणि वृत्तीनं चित्रकार. त्यांनी कारखान्याच्या जाहिरातीचं काम अंगावर घेतलं आणि १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. सुरुवातीला ते कारखान्याची, मालाची बातमी देणारं छोटंसं पत्रक होतं. पण शं. वां.ना एक गोष्ट लवकर उमगली. नुसती नांगराची बातमी कुणी पैसे देऊन वाचत नाही आणि फुकट मिळाली तर लोक ती पुडी बांधायला वापरतात. वाचणाऱ्याला त्याच्या कामाचं काहीतरी द्यावं लागतं. मग धंद्याच्या गोष्टी आल्या, स्वावलंबनाचे लेख आले, कथा आल्या, व्यंगचित्रं आली आणि पत्रकाचं मासिक झालं. पुढे १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ निघालं. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या विचाराला वळण लावणारी ही तीन मासिकं एका नांगराच्या कारखान्याच्या छापखान्यातून आली, हे आजच्या कंटेंट मार्केटिंगच्या शिकवण्यांमध्ये कुणी सांगत नाही. सांगायला हवं. त्या माणसाकडे ना लोगोचं मॅन्युअल होतं, ना सल्लागार. चित्रकाराचा डोळा होता, संपादकाचा कान होता आणि ‘किर्लोस्कर’ हे नाव वाचकाच्या घरी महिन्याच्या महिन्याला पोचवण्याची चिकाटी होती.

पिंगळीच्या गटानं मासिक काढावं, असं मी म्हणत नाही. पुडीच्या मागच्या बाजूला मात्र बोटभर जागा असते. तिथे ‘शुद्धता हाच आमचा ध्यास’ असं छापण्याऐवजी हळद दमट हवेत कशी ठेवावी, किलोभर लोणच्याला किती घालावी, हे छापलं तर ती पुडी रिकामी झाल्यावरही आठवडाभर ओट्यावर राहते.

छापील वस्तू किती काळ घरात राहते, हा हिशेब आपल्याकडचे व्यापारी फार पूर्वीपासून करत आले आहेत आणि त्याचं उत्तर त्यांनी भिंतीवर टांगलं. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछाप यंत्र उभारलं आणि १८४१मध्ये मराठी पंचांग छापलं. तेव्हापासून तिथी-वार ही छापून मिळणारी गोष्ट झाली. रवि वर्म्यांच्या छापखान्यानं १८९४पासून देवदेवतांची रंगीत चित्रं घरोघरी नेली. मग दिनदर्शिकेवर वर लक्ष्मी-सरस्वती, मधे तारखा आणि कुठेतरी साबणाचं किंवा औषधाचं नाव, हा साचा रुळला. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांची चित्रं तर लोकांनी वर्ष संपल्यावर कापून फ्रेम केली. १९७३मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं. त्यांनी पंचांग सोपं करून दिलं आणि पानाच्या मागची कोरी बाजूही वाचायला लावली. आज गावोगावचा सराफ, खतवाला, कापडवाला आपल्या नावाची पट्टी छापलेलं कॅलेंडर वाटतो, तो याच वंशातला. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाल्याचे किती झाले, हे त्या चौकोनांत लिहिलं जातं. वर्षभरात त्या घरातला प्रत्येक माणूस दुकानाच्या नावाकडे किती वेळा बघतो, हे मोजायला कुठल्याही यंत्राची गरज नाही. इतक्या स्वस्तात इतका वेळ नजरेसमोर ठेवणारं दुसरं माध्यम मला तरी माहीत नाही.

आता तालुक्याच्या डीटीपीच्या दुकानात जाऊ, कारण खरा घोळ तिथे होतो. बाहेर पाटी: झेरॉक्स, लग्नपत्रिका, बिलबुक, फ्लेक्स. आत दोन कॉम्प्युटर आणि लग्नसराईत पाय ठेवायला जागा नाही. गटाच्या ताई मोबाइलवर हातानं लिहिलेल्या मॅटरचा फोटो पाठवतात. ऑपरेटर गेल्या वर्षीची दुसऱ्याच कुणाची तरी कोरल फाइल उघडतो, नाव बदलतो, वजन बदलतो. लक्ष्मी तीच, मरूनपासून केशरीकडे जाणारा रंग तोच आणि नावाला सोनेरी कडही तीच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. डिझाइनचे पैसे वेगळे द्यायचे असतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं आणि शंभर रुपयांत नवं काही सुचण्याची अपेक्षा धरणंही बरं नव्हे. परिणाम असा की, एकाच बाजारात तीन हळदी, तीन नावं आणि एकच चेहरा. मग फाइल ऑफसेटवाल्याकडे जाते. तिथे जुन्या पद्धतीचा फॉन्ट नसतो. ‘श्री’च्या जागी भलतंच काहीतरी उमटतं, जोडाक्षरं फुटतात. म्हणून ‘कर्व्ह करून दे’ हे छपाईच्या धंद्यातलं जपाचं वाक्य झालं आहे. अक्षरांचं चित्र केलं की ती फुटत नाहीत. पण चित्र झालेल्या अक्षरातली चूक नंतर टाइप करून दुरुस्तही होत नाही. तेव्हा प्रूफ कर्व्ह करण्याआधी वाचावं, मोठ्यानं वाचावं आणि ज्यानं मॅटर लिहिलं त्याच्याकडून वाचून घेऊ नये. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. ती तुमची आहे.

अक्षराचा विषय निघालाच आहे. देवनागरीत नाव कसं दिसतं यावर मराठी माणसानं एके काळी फार जीव लावला होता. कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी प्रत्येक नाटकाच्या नावाचं वेगळं अक्षर रेखाटत. अक्षराच्या वळणावरून नाटक गंभीर की विनोदी हे कळायचं आणि नुसतं नाव पाहून प्रेक्षक तारीख शोधायचा. ती परंपरा सगळ्यांना परवडणार नाही. पण ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे मुंबईच्या एक टाइपनं घडवलेले फॉन्ट आज कुणालाही विनामूल्य वापरता येतात. युनिकोडमधले आहेत, त्यामुळे मोबाइलवर टाइप केलेलं मॅटर तसंच्या तसं उतरतं. एक फॉन्ट निवडावा आणि पुडी, बिलबुक, पाटी, टेम्पोचं दार, सगळीकडे तोच लावावा. नावाला सोनेरी कड, सावली आणि चकाकी एकाच वेळी लावण्याचा मोह आवरला, तर अर्धं डिझाइन तिथेच झालं म्हणा.

पुडीवर परत येतो. रंगीत छापील पाउच हवा असेल तर दर रंगाला एक सिलिंडर करावा लागतो आणि ते परवडायला माल फार मोठ्या संख्येनं छापून घ्यावा लागतो. नवीन धंद्यानं तिकडे जाऊच नये. वजनाचा अंदाज चुकला, किंमत बदलली, पत्ता बदलला, की उरलेले पाउच खोलीच्या कोपऱ्यात पडून राहतात. साधा पाउच आणि त्यावर चांगला छापलेला स्टिकर, हीच सुरुवात शहाणपणाची. स्टिकरला लॅमिनेशन करून घ्यावं, नाहीतर मसाल्याच्या तेलानं आठ दिवसांत नाव पुसलं जातं. हळदीच्या पुडीवर पिवळा रंग भरताना मात्र जपावं. छापील पिवळा नेहमी आतल्या हळदीपेक्षा झगझगीत येतो, गिऱ्हाईक घरी जाऊन पुडी फोडतं आणि रंग फिका निघाला म्हणून हळदीवरच संशय घेतं. त्यापेक्षा मधे पारदर्शक खिडकी ठेवावी. आतली हळद स्वतःचं बोलेल.

कायद्यानं छापायच्या गोष्टी, म्हणजे निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, बॅच, शाकाहाराची हिरवी खूण, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, तक्रारीसाठी पत्ता, बहुतेक डिझायनर नाइलाजानं कोपऱ्यात कोंबतात. मला हे उलटं वाटतं. अनोळखी गावच्या पुडीवर गिऱ्हाईक आधी तेच शोधतं. ‘पिंगळी, ता. जि. परभणी’ ही ओळ स्वच्छ, वाचता येईल अशी छापली की पुण्यातल्या परभणीकराचा हात आपोआप त्या पुडीकडे जातो. वसमतच्या हळदीला, बोरसुरीच्या तूरडाळीला, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मराठवाड्यात गावाच्या नावाला आता बाजारात भाव आहे. फक्त मानांकन त्या त्या भागाचं असतं. त्या भागाबाहेर पिकलेल्या हळदीवर वसमतचं नाव टाकलं तर ती फसवणूक होते. कुणी हौसेनं तसं डिझाइन मागितलं तर ते करून देऊ नये.

पाट्यांविषयी थोडक्यात. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान-मोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. निजामाच्या राज्यात राहिलेल्या या जिल्ह्यात मराठीशेजारी उर्दूही बाजारात वाचली जाते. दोन्ही लिप्या नीट बसवणारे जुने पेंटर होते, त्यांची पाटी वीस वर्षं उन्हात टिकायची. फ्लेक्स एका उन्हाळ्यात विरतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांना तो ठीक आहे, धंद्याच्या नावाला नाही.

नावाचं म्हणाल तर, ते छापण्याआधी कुणी नोंदवलेलं नाही ना, हे ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून पाहता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. नोंदणीची फी व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. मसाले तिसाव्या वर्गात येतात, बियाणं एकतिसाव्या. पाच हजार स्टिकर छापून झाल्यावर वकिलाची नोटीस येण्यापेक्षा हा खर्च कधीही हलका. आणि नाव शोधताना ‘रॉयल’, ‘गोल्ड’, ‘प्रीमियम’ यांच्या गर्दीत शिरण्याआधी आपल्या शिवाराचं, ओढ्याचं, आजीचं नाव एकदा कागदावर लिहून बघावं.

पुढची प्रकरणं ओळीनं वाचली पाहिजेत असं नाही. ज्यांचा माल अजून सुटाच विकला जातो, त्यांनी पुडीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ज्यांचं बिलबुक, पाटी आणि पुडी तीन वेगवेगळी नावं सांगतात, त्यांनी आधी त्या तिन्ही वस्तू टेबलावर शेजारी शेजारी मांडाव्यात आणि मग अक्षरांचं प्रकरण उघडावं. आणि ज्यांना येत्या जानेवारीचं कॅलेंडर वाटायचं आहे, त्यांनी सगळं सोडून कॅलेंडरचं प्रकरण आज रात्रीच वाचावं. शिवकाशीच्या छापखान्यांचे कॅलेंडरचे नमुने घेऊन फिरणारे एजंट दसऱ्याच्या आसपास ऑर्डरी घेतात. दिवाळी उलटल्यावर गेलात तर चांगली चित्रं शेजारच्या खतवाल्यानं नेलेली असतात.